स्वतःची गाडी घेऊन सुनौलीहून नेपाळात: दलालाला एक तारा, खिडकीला चार

तारे आधीच वाटून टाकते. घाईत असलेल्यांनी तेवढे घेऊन पुढं जावं. सुनौलीच्या नाक्याअलीकडं टेबल टाकून बसलेला कागदपत्रांचा दलाल: एक तारा, तोही शून्य देता येत नाही म्हणून. पलीकडची भन्सारची, म्हणजे नेपाळी जकातीची खिडकी: चार. नेपाळातल्या टान्सेनच्या चढावरची थकाली, म्हणजे तिथल्या थकाली समाजाच्या पद्धतीची खानावळ: पाच, आणि मुळ्याच्या लोणच्यासाठी वर अर्धा. माझ्या स्वतःच्या हुशारीला दीड.

दीडच का, ते ऐका. मी बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. पेटी, पंच, मग मशीन, सगळं हाताळलं. पैसे आणि तिकीट जुळलं नाही असा दिवस माझ्या वे-बिलावर शोधून सापडायचा नाही. तपासनीस गाडीत चढला की बाकीचे दचकायचे, मी खिडकीबाहेर बघायचे. अशी बाई परदेशाच्या वेशीवर फसली, आणि तेही पैसे आणि पावती बरोब्बर जुळवून बघितल्यावर फसली. म्हणून हे लिहायला बसले. आमच्या ग्रुपमधल्या तीन गाड्या या दिवाळीनंतर त्याच वाटेनं निघणार आहेत, त्यांना फोनवर प्रत्येकी अर्धा तास सांगण्यापेक्षा हे बरं.

मार्च २०२५ मध्ये आम्ही चौघं मिरजेहून अर्टिगा घेऊन निघालो. मी, हे, वन्सं आणि वन्संचा मुलगा. हे रेल्वेत गार्ड होते. म्हणजे घरात दोघांचाही जन्म गाडीत गेला, पण चालवण्याचा पगार दोघांपैकी एकालाही मिळालेला नाही. त्यामुळं स्टेअरिंग बहुतेक भाच्याकडं, आणि मागून डबल बेल मारायला आम्ही दोघं. वन्सं माळकरी. कांदा-लसूण चालतो, पण त्यापुढं अक्षरही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण टान्सेनला त्याचा संबंध येणार आहे.

सोलापूर, नागपूर, जबलपूर, काशी करत गोरखपूरला पोचायला चार दिवस लागले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रस्ते चांगले आहेत आणि चहा गोड आहे. गोरखपूरला गोरखनाथांच्या मंदिरात वन्संनी नवनाथातले नाथ इतक्या लांब भेटल्याचा आनंद असा काही केला की पुजारीसुद्धा थांबून बघत होता. तिथून सुनौली शंभरेक किलोमीटर.

सुनौली म्हणजे कसलं तरी मोठं फाटक, काटेरी तार, बंदूकधारी, असं काही डोक्यात असेल तर काढून टाका. गावाचा मुख्य रस्ता सरळ चालत जातो आणि चालता चालता दुसरा देश होतो. अलीकडं ट्रकांची रांग, इतकी लांब की ड्रायव्हर लोकांनी खाली चुली मांडलेल्या. लहान गाड्या बाजूनं पुढं सोडतात. दोन्ही बाजूंना लॉज, पैसे बदलून देणाऱ्या टपऱ्या, सायकलरिक्षा, आणि डोक्यावर बोचकी घेऊन हा देश ते तो देश असं दिवसातून चारदा करणारी माणसं. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. १९५० च्या करारापासून आपल्या लोकांना तिकडं आणि त्यांच्या लोकांना इकडं व्हिसा लागत नाही. माणूस मोकळा आहे. कागद लागतो तो गाडीला.

आणि तिथंच हा भेटला.

एमएच नंबर दिसताच तो गाडीबरोबर धावायला लागला. “आइए आइए, शिर्डी वाले!” शिर्डी आमच्या घरापासून किती लांब आहे हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. मोठ्या छत्रीखाली टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, बॅटरीवर चालणारं झेरॉक्स मशीन. पाटी नव्हती, त्यामुळं नाव लिहिण्याचा प्रश्नच येत नाही. त्यानं सांगितलं की खिडकीवर तीन तासांची रांग आहे, फॉर्म सगळा नेपाळीत आहे, तुम्हाला कळणार नाही. पाचशे रुपये सेवेचे द्या, मी अर्ध्या तासात भन्सार आणून देतो. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांचं मत होतं की आधी स्वतः जाऊन बघावं. मी म्हटलं, “कशाला उन्हात उभं राहायचं? पाचशेच तर आहेत.” हे वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरलं जातं.

आता हिशेब नीट वाचा, कारण सगळी गंमत इथं आहे. भारतीय गाडीला नेपाळात दिवसाच्या दरानं पैसे पडतात. दर बदलत असतो, तो तिथल्या पत्रकावर बघायचा. आकडे सोपे राहावेत म्हणून इथं आणि पुढंही, पावतीवरच्या रकमेसकट, आपण दिवसाला शंभर नेपाळी रुपये धरू. आम्हाला आठ दिवस हवे होते. आठशे नेपाळी. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. १९९३ पासून हा भाव बांधलेला आहे, वरखाली होत नाही. आठशे भागिले एक पूर्णांक सहा, म्हणजे पाचशे भारतीय. नाक्यावर आपल्या रुपयांना ‘आयसी’ किंवा ‘भारू’ म्हणतात, त्यांच्या रुपयांना ‘एनसी’. दलालानं झेरॉक्सच्या पाठीवर हा भागाकार करून दाखवला. मी तो मनातल्या मनात करून बघितला. बरोबर होता. मी पाचशे मोजून दिले, वर त्याचे सेवेचे वेगळे.

पस्तीस मिनिटांनी तो पावती घेऊन आला. मी चष्मा लावून रकमेचा आकडा बघितला. पाचशे. दिले पाचशे, पावती पाचशेची. कंडक्टरचा जीव एवढ्यावर शांत होतो. मग तारखेच्या रकान्याकडं नजर गेली तर साल २०८१. नेपाळात विक्रम संवत चालतं, आपल्यापेक्षा छप्पन-सत्तावन वर्षं पुढं. वन्सं म्हणाल्या, “अगं, म्हणजे मी एकशे अठरा वर्षांची झाले की!” आम्ही सगळे हसलो, तोही हसला, “चलिए चलिए, पीछे गाडी लगी है” म्हणाला, आणि आम्ही निघालो. साल वाचून हसलो आणि तारीख वाचायची राहिली.

तुमच्यातल्या काहींना एव्हाना कळलंही असेल. मला कळायला पाच तास लागले.

कमानीखालून गाडी गेली आणि भाच्यानं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं. अर्धा तास नाही, एक तास नाही, पंधरा मिनिटं. ह्यांना हे फार आवडलं. रेल्वेच्या माणसाला पंधरा मिनिटं म्हणजे केवढी मोठी गोष्ट. खासगी गाड्यांच्या पाट्या तिकडं लाल असतात, पांढऱ्या अक्षरांच्या, आणि नंबर बहुतेक देवनागरीत. दुकानांच्या पाट्या देवनागरीत, पोलिसांच्या सूचना देवनागरीत. दिल्लीला जाताना आपल्याला जसं घरच्यासारखं वाटतं, त्याहून जास्त वाटायला लागतं. ‘बाटो’ म्हणजे वाट. ‘कति’ म्हणजे किती. ‘हर्न निषेध’ तर सांगायलाच नको. ‘पसल’ म्हणजे दुकान हे मात्र माहीत करून घ्यावं लागतं, नाहीतर गावात इतका पसारा कुणी केला असं वाटत राहतं. वाचता सगळं येतं, त्यामुळं माणूस समजायला लागतो की कळतंयही सगळं.

पहिला मुक्काम लुंबिनी. भैरहवा या नाक्यापलीकडच्या शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. मायादेवीच्या मंदिरामागं अशोकाचा खांब आहे, १८९६ साली सापडलेला. त्यावरची ब्राह्मी अक्षरं वाचायला येत नाहीत, हे आमच्या त्या दिवसातलं पहिलं प्रामाणिक वाचन. शेजारच्या फलकावर अर्थ दिलाय: इथं बुद्ध जन्मले म्हणून राजा स्वतः आला, त्यानं या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातला फक्त आठवा भाग घ्यायचं ठरवलं. दगडावर कोरून ठेवलेली करमाफी. त्याच दिवशी दुपारी आम्ही आठ दिवसांचा कर भरून आलो होतो, म्हणजे असं आम्ही समजत होतो.

लॉजवाल्यानं संध्याकाळी गाडीचे कागद नोंदवायला मागितले. पंचविशीतला मुलगा, मला ‘आमा’ म्हणायचा. पावती उलटून पालटून बघितली आणि म्हणाला, “पाँच दिन मात्र?”

मी वाट बघत राहिले. आपल्याकडं ‘मात्र’ म्हटलं की पुढं काहीतरी येतं ना. पाच दिवस मात्र... काय? पाऊस आहे? रस्ता बंद आहे? तो माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. शेवटी मीच विचारलं, “मात्र काय रे बाबा?” त्याला हिंदी बरं येत होतं. त्यानं सांगितलं की नेपाळीत ‘मात्र’ म्हणजे ‘फक्त’, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं त्या शब्दाच्या मागून येतं. गाडीचा परवाना पाच दिवसांचा फक्त. फागुन १९ ते फागुन २३. पावतीवर लख्ख लिहिलं होतं: ‘देखि’ म्हणजे पासून, ‘सम्म’ म्हणजे पर्यंत.

त्यांचा फागुन म्हणजे आपला फाल्गुन नव्हे बरं का. महिने सौर आहेत, फागुन फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो, आणि अमावस्या-पौर्णिमेशी त्यांचा काही संबंध नसतो. आमचा १९ फागुन म्हणजे ३ मार्च. २३ म्हणजे ७ मार्च. आमचं परत येणं १० मार्चला. म्हणजे तीन दिवस आम्ही परक्या देशात बेकायदा गाडी हाकणार होतो, दंडाला पात्र होऊन, हातात पावती धरून.

रात्री ह्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. आम्ही दिले पाचशे भारतीय, म्हणजे आठशे नेपाळी. त्यानं खिडकीवर भरले पाचशे नेपाळी. पाच दिवसांचे. पावतीवर आकडा पाचशे, आमच्या हातातून गेलेला आकडा पाचशे. तीनशे नेपाळी त्याच्या खिशात, सेवेचे वेगळे. आठ दिवसांचे आपले रुपये आणि पाच दिवसांचे त्यांचे रुपये, आकडा एकच येतो. एक पूर्णांक सहा या भावातच ते बसवलेलं आहे. हे म्हणाले, “डोकं आहे लेकाचं.” मला इतका राग आला होता की मी ह्यांच्यावरच रागावले. पण खरं सांगते, त्या रागातही कुठंतरी वाटलं की आमच्या डेपोत असता तर हा माणूस दोन वर्षांत निलंबित तरी झाला असता नाहीतर युनियनचा अध्यक्ष तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत नाक्यावर, बेलहियाच्या, म्हणजे नेपाळी बाजूनं. या वेळी मी स्वतः उतरले. तीन तासांची रांग? माझ्या पुढं अकरा माणसं होती. मोजली. दराचं पत्रक खिडकीच्या शेजारी भिंतीवर चिकटवलेलं, दुचाकी इतके, कार-जीप इतके, दिवसाला. देवनागरीत. ते मला काल दिसलं नाही, कारण काल मी छत्रीखाली बसले होते.

खिडकीत एक तरुण मुलगी होती. मी पावती पुढं केली, तीन बोटं दाखवली. तिनं पावती बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि काही न विचारता तिला सगळं कळलं. “म्याद थप?” म्हणाली. म्याद म्हणजे मुदत. थप म्हणजे वाढव. मी म्हटलं, थप बाई, थप. गाडीचं आरसी, ह्यांचं लायसन्स (गाडी ह्यांच्या नावावर, दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र जवळ ठेवा), मतदार ओळखपत्र. एका प्रतीवर सही. पैसे नेपाळी रुपयांत. सुटे मी आदल्या दिवशीच करून ठेवले होते, दहा-वीसच्या नोटांसकट, तिनं ते बघून पहिल्यांदा हसून दाखवलं. सुट्ट्या पैशांवर हसणारी माणसं कुठल्याही देशात एकाच जातीची. मग तिनं नवीन तारखेवर पेन ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: “छब्बीस सम्म.” काल माझ्यासाठी कुणी हे वाचून दाखवलं नव्हतं. मीही वाचायला लावलं नव्हतं.

गाडी लावून, रांगेत उभं राहून, पावती हातात पडून सगळं मिळून चाळीस मिनिटं. दलालापेक्षा पाचच मिनिटं जास्त. चार तारे याचे. पाचवा कापला कारण सावली नाही आणि रांगेत पुढं घुसणाऱ्याला हटकायला कुणी नाही. मी दोघांना हटकलं. सवय आहे.

मग मी पायीच अलीकडं येऊन त्या छत्रीकडं गेले. हे नको म्हणत होते. टेबलावर दुसराच मुलगा होता; “भैया घर गया है.” मी मोठ्या आवाजात हिशेब सांगायला सुरुवात केली, पाचशे भारू, आठशे एनसी, पावती पाचशे, तीनशे कुठं? मुलगा शांतपणे म्हणाला, “दीदी, रसीद में जो लिखा है वही लिया है.” आणि पावतीवर खरंच तेच लिहिलं होतं. काय बोलणार? शेजारी एमएच १५ ची एक गाडी थांबली होती, नाशिकची मंडळी, काच खाली करून ऐकत होती. त्यांनी काच वर केली आणि पुढं खिडकीकडं निघून गेली. मला पैसे काही मिळाले नाहीत.

कागदांबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. एक, आपला गाडीचा विमा नेपाळात आपोआप चालत नाही. विमा कंपनीकडून नेपाळपुरता भौगोलिक विस्तार वेगळे पैसे भरून पॉलिसीवर चढवून घ्यावा लागतो. ह्यांनी तो मिरजेतच करून घेतला होता, याचं श्रेय त्यांना. दोन, आम्ही गेलो तेव्हा शंभराच्या वरच्या भारतीय नोटा तिकडं कायद्यानं चालत नव्हत्या. मी शंभराची बंडलं बँकेतून काढून एसटीतल्या जुन्या चामडी पिशवीत नेली होती. ती पिशवी खांद्याला लावली की मला आपोआप ‘पुढं सरका’ म्हणावंसं वाटतं. निघण्याआधी ताजा नियम बघा, हे नियम बदलतात. मोबाइलचं म्हणाल तर आपलं सिम रोमिंगशिवाय गप्प होतं. भाच्यानं नाक्यावर ओळखपत्र देऊन नेपाळी सिम घेतलं, दहा मिनिटांचं काम.

भैरहवा ते बुटवल रस्ता रुंद आणि सपाट, आणि मग एकदम भिंत. बुटवलच्या वर सिद्धबाबाचा टप्पा आहे, दरडींसाठी बदनाम. वर बघितलं की दगड आपल्याकडं बघतोय असं वाटतं. वन्संनी जप सुरू केला तो टान्सेनपर्यंत. या रस्त्याला सिद्धार्थ राजमार्ग म्हणतात, भारताच्या मदतीनं बांधलेला, पोखऱ्यापर्यंत जातो. घाट आंबोलीसारखा नाही. आंबोली एकदा चढलात की चढलात. हा चढतो, उतरतो, परत चढतो, मध्ये रामदीला काली गंडकीच्या पुलावर उतरून परत चढतो. वळणावर बस आली की आपण आतल्या बाजूला दबून उभं राहायचं. त्यांचे बसवाले आमच्या ड्रायव्हरांचे थोरले भाऊ शोभतील. एका वळणावर समोरच्या बसमधून कंडक्टर पोरगा दारात लटकून भाच्याला हातानं मागं घे, मागं घे सांगत होता, बसच्या पत्र्यावर थाप मारत होता. दोन थापा म्हणजे चल. आमच्याकडं दोन बेल. मी काच खाली करून त्याला हात केला. त्याला काय कळलं असेल कोण जाणे, त्यानंही केला.

टान्सेन. पाच तारे.

चढावर, लाकडी बाकांची खानावळ, सहा टेबलं. भिंतीवर पदार्थांची यादी देवनागरीत. वन्संनी वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला उठून उभ्या राहिल्या. ‘मासको दाल.’ “मी बाहेर बसते,” म्हणाल्या, “इथं डाळीतसुद्धा मांस घालतात.” मी म्हटलं थांबा, विचारू. चालवणारी बाई, सगळे तिला ‘दिदी’ म्हणत होते, आतून आली. वन्संनी गळ्यातली माळ दाखवली आणि यादीवर बोट ठेवलं. दिदी आत गेली आणि मूठभर काळी डाळ घेऊन आली. उडीद! ‘मास’ म्हणजे उडीद, आपल्या संस्कृतातला माष. मांसाला ते ‘मासु’ म्हणतात, माशाला ‘माछा’. एका उकारावर वन्संचं जेवण अडलं होतं. त्याखालची ओळ ‘कुखुरा’ होती, त्यावर भाच्यानं त्यांना वाचूच दिलं नाही. कोंबडी आहे ती, कुक्कुटपालनातली. कुत्र्याला ते ‘कुकुर’ म्हणतात.

पितळी ताट आलं. मधोमध भाताचा डोंगर, त्यावर तूप. वाटीत ती काळी डाळ, लोखंडी कढईत शिजवल्यानं काळीकुट्ट, आणि वरून जिम्बूची फोडणी. जिम्बू म्हणजे डोंगरातली वाळवलेली, कांद्याच्या जातीची पात; तुपात पडली की असा वास सुटतो की लसणाची आठवण येते पण लसूण नव्हे. सासूबाई भाजलेल्या उडदाचं घुटं करायच्या, त्याच्या जवळ जाणारी चव, फक्त पातळ आणि धुरकट. रायोचा साग, म्हणजे मोहरीच्या जातीचा रुंद पाला, नुसता तेल-मिरचीवर परतलेला. गुन्द्रुक: पाला आंबवून वाळवून ठेवतात आणि वर्षभर खातात. पहिल्या घासाला अंबाडीची आठवण आली, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला मी परत मागितलं. मुळ्याचं लोणचं पिवळं, मेथी तडतडवलेली, टिमूर नावाचा मसाला, जो जिभेला मुंग्या आणतो. आपल्या तिरफळाचा भाऊ. ह्यांनी वाटी पुसून घेतली. शेवटी ताक. त्याला ते ‘मोही’ म्हणतात.

दिदी भाताची परात घेऊन टेबलाशी यायची आणि विचारायची, “भात थप?” तोच शब्द. सकाळी मुदत थप, दुपारी भात थप. भात, डाळ, भाजी हवं तितकं. त्याचे वेगळे पैसे नाहीत. भाच्यानं चार वेळा थपून घेतलं. मी बिल बघितलं, आकडा वाचला, वरती ‘ने.रू.’ लिहिलंय ना ते वाचलं, तारीख वाचली, मग पैसे दिले. दिदी माझ्याकडं बघत होती. वन्संनी तिला हातानं खूण केली की हिला सवय आहे.

टान्सेनला आम्ही मुक्काम केला. पाल्पाच्या या भागाचं ढाका कापड प्रसिद्ध आहे, नेपाळी टोपीचं असतं ते नक्षीचं. ह्यांनी टोपी घेतली, मिरजेत एकदाही घातलेली नाही. मी करुवा घेतला, तोटीचा काशाचा तांब्या, हात भरून येईल इतका जड. परतीच्या वाटेवर आपल्या जवानांनी पिशवी उघडून बघितली तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन वजन केलं आणि काही न बोलता परत ठेवला.

पोखऱ्याबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनी लिहिलंय. माछापुच्छ्रेचा सुळका चार दिवसांत मिळून अडीच तास दिसला. मार्चमध्ये धुकट असतं, ज्यांना शिखरंच बघायची आहेत त्यांनी दिवाळीनंतरच जावं. आम्ही गेलो तेव्हा त्यांची सुट्टी शनिवारी असायची, बँकेचं काम शुक्रवारी उरका. रविवारी आम्ही परत निघालो तेव्हा घाटात पोरं गणवेश घालून शाळेला चालली होती, आणि वन्संना प्रत्येक गावात वाटत होतं की या पोरांना रविवारी शिक्षा झाली आहे.

१० मार्चला, फागुन २६ ला, दुपारच्या आत बेलहियाला पोचलो. पावती दाखवली, नोंद झाली, कमानीखालून अलीकडं आलो. ह्यांनी घड्याळ पंधरा मिनिटं मागं घेतलं आणि म्हणाले, “राइट टाइम.” छत्रीखाली तो दलाल होता. खुर्चीत गुजरातची नंबरप्लेट असलेलं एक कुटुंब बसलं होतं आणि झेरॉक्सच्या पाठीवर भागाकार चालू होता. भाच्यानं गाडी हळू केली. मी काच खाली घेतली आणि गाडीतूनच त्या गृहस्थांना ओरडून सांगितलं, “भाईसाब, तारीख पढ़ो, तारीख!” त्यांनी मला वेडी ठरवलं असेल. दलालानं मात्र मला ओळखलं. त्यानं हात जोडले.

नावं नकोत, पण टेबल ओळखायचं असेल तर: नाक्याच्या अलीकडं, डाव्या हाताला, मोठी छत्री, बॅटरीवरचं झेरॉक्स, आणि ‘शिर्डी वाले’ अशी हाक. अर्थात तो एकटाच असेल असं समजू नका. कुणीही पावती दिली तर तीन गोष्टी वाचा: दिवस किती, ‘सम्म’च्या पुढं काय, आणि आकडा कुणाच्या रुपयांत.

घरी येऊन आता बरेच महिने झाले. करुव्यात वन्संनी गोकर्णाचा वेल लावायचं म्हटलं होतं, मी लावू दिला नाही. त्या परवा आल्या होत्या. मी चहा टाकताना आतूनच विचारलं, घेणार ना थोडा? बाहेरून उत्तर आलं, “अर्धा कप मात्र.” मी भांडं हातात धरून क्षणभर थांबले.